विसार देण्यापूर्वी : भाड्याचे पहिले घर आणि दुरुस्तीचा अंदाज

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. आज शहरातील बहुतेक मंडळी घर बांधत नाहीत, तयार घर विकत घेतात. त्यामुळे म्हणीतील पहिला अनुभव आपल्या वाट्याला येणार नाही, असा अनेकांचा समज असतो. जुने घर घेणाऱ्यास मात्र तो अनुभव येतोच. फक्त तो खरेदीखत झाल्यानंतर येतो.

कर्ज विभागात काम करताना असे अनेक अनुभव जवळून पाहावयास मिळतात. त्यांपैकी एक मला विसरता आलेला नाही. सरकारी रुग्णालयात परिचारिका असलेल्या आमच्या एका ग्राहक भगिनींनी पुण्याच्या उपनगरात एक सदनिका भाड्याने देण्याच्या हेतूने घेण्याचे ठरविले. १९९४ साली बांधलेली चार मजली इमारत, सर्वांत वरचा मजला, ६१० चौरस फूट चटई क्षेत्र आणि किंमत ४८ लाख रुपये. दरमहा १४ हजार रुपये भाडे येईल, त्यातून हप्त्याचा भार हलका होईल आणि निवृत्तीनंतर तेच भाडे हाताशी राहील, असा त्यांचा साधा, सरळ हिशेब होता. कागदपत्रे घेऊन त्या आल्या तेव्हा दोन लाख रुपयांचा विसार देऊन झालेला होता. "दुरुस्तीसाठी काही रक्कम ठेवली आहे ना?" असे मी सहज विचारले. त्या म्हणाल्या, "हो साहेब, रंग काढायचा आहे. साठ हजारांत होईल, असं एजंट म्हणाले."

त्यावर मी आणखी काही विचारले नाही. मालकी हक्काचा शोध झाला, मूल्यनिर्धारकाचा अहवाल आला, कर्ज मंजूर झाले. सहा महिन्यांनी त्या पुन्हा शाखेत आल्या, त्या मुलीच्या महाविद्यालयीन प्रवेशासाठी जपून ठेवलेली मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडण्यासाठी. दुरुस्तीचा खर्च ४ लाख २० हजारांवर गेला होता.

अंदाज कोठे चुकला?

त्यांनी खर्चाच्या पावत्या दाखविल्या, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. त्या खर्चाची विभागणी पुढीलप्रमाणे होती.

दोन्ही न्हाणीघरांचे वॉटरप्रूफिंग, नळवाहिन्या व फरशी : १,५५,००० रुपये
संपूर्ण वायरिंग व स्विच बोर्ड : ७०,००० रुपये
स्वयंपाकघरातील ओटा, सिंक व नळ : ४५,००० रुपये
छताचा गिलावा व गंजलेल्या सळ्यांवरील उपचार : ४०,००० रुपये
खिडक्या व दरवाजे : ३५,००० रुपये
रंग : ६०,००० रुपये
राडारोडा उचलणे व किरकोळ : १५,००० रुपये

एजंटने सांगितलेला रंगाचा आकडा अगदी बरोबर होता! चूक दरात नव्हती. चूक यादीत होती. सात ओळींच्या यादीतील एकच ओळ सांगितली गेली होती आणि ती होती डोळ्यांना दिसणारी. दुरुस्तीचा अंदाज बहुतेक वेळा असाच फसतो. कोणत्या कामाला किती लागेल, हे ठरविण्यात आपण फारसे चुकत नाही. कोणकोणती कामे निघतील, हे ठरविण्यात चुकतो.

या ४ लाख २० हजारांखेरीज आणखी दोन रकमा होत्या. काम चालू असताना घर तीन महिने रिकामे राहिले, म्हणजे ४२ हजार रुपयांचे भाडे बुडाले. शिवाय गच्ची आणि खांबांच्या दुरुस्तीसाठी प्रत्येक सभासदाने दीड लाख रुपये द्यावेत, असा ठराव संस्थेच्या सर्वसाधारण सभेत या व्यवहाराच्या आधीच संमत झालेला होता. तो भरणा नव्या मालकाच्या माथी आला. एकूण बेरीज ६ लाख १२ हजार. दरमहा १४ हजार या दराने हे जवळजवळ ४४ महिन्यांचे, म्हणजे साडेतीन वर्षांहून अधिक काळाचे भाडे होय. ४८ लाखांवर वर्षाला १ लाख ६८ हजार भाडे म्हणजे साडेतीन टक्के परतावा. तेच भाडे ५४ लाख १२ हजारांवर धरले, तर परतावा ३.१ टक्क्यांवर येतो. आणि यात मुद्रांक शुल्क, मालमत्ता कर व मासिक देखभाल खर्च धरलेलाच नाही.

येथे दिलेले आकडे एका घराचे आहेत. गावागणिक, इमारतीगणिक दर बदलतात. तथापि यादी करण्याची रीत सर्वत्र सारखीच आहे. घर पुण्यात असो, इंदुरात असो, बडोद्यात असो वा बेंगळुरूत, विसार देण्यापूर्वी एक पूर्ण दिवस त्या घरासाठी काढावा आणि पुढील क्रमाने पाहणी करावी.

प्रथम पाणी

जुन्या घराच्या दुरुस्तीत सर्वाधिक पैसा पाण्यापायी जातो, म्हणून पाहणीचा आरंभ पाण्यापासून करावा. आपल्या न्हाणीघरातील गळती आपल्या घरात दिसत नाही. ती खालच्या घराच्या छतावर दिसते. म्हणून खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांची परवानगी घेऊन त्यांच्या न्हाणीघराचे छत अवश्य पाहावे. तेथे ओलीचे डाग, पांढरे क्षार किंवा पोपडे दिसले, तर ती दुरुस्ती आपल्या खर्चात धरावी. त्याचप्रमाणे आपल्या छतावरील डागाचे कारण वरच्या घरात किंवा गच्चीवर शोधावे. एखाद्याच कोपऱ्यात ताजा रंग दिसला, तर तेथे हात ठेवून पाहावे आणि विक्रेत्यास कारण विचारावे.

विक्रेता राजी असल्यास न्हाणीघराचा नहाणी ट्रॅप बंद करून सुमारे इंचभर पाणी ४८ तास साठवावे आणि त्यानंतर खालचे छत पुन्हा पाहावे. या साध्या चाचणीस काहीही खर्च येत नाही. गळती आढळल्यास केवळ वरवरचा लेप पुरेल की फरशी उखडून खालचा कोबा नव्याने करावा लागेल, हे प्लंबर आणि गवंडी दोघांना दाखवून विचारावे. या दोन उत्तरांतील खर्चाचे अंतर मोठे असते.

जुन्या इमारतींत जस्त चढविलेल्या लोखंडी नळवाहिन्या भिंतीत गाडलेल्या असतात. त्या आतून गंजतात व अरुंद होतात. बराच वेळ बंद असलेला नळ उघडल्यावर प्रथम तांबूस पाणी येते का, हे पाहावे. मग घरातील सर्व नळ एकाच वेळी सोडावेत. धार क्षीण झाली, तर वाहिन्या बदलण्याचा खर्च यादीत लिहावा. वाहिन्या बदलावयाच्या म्हणजे भिंत फोडणे, फरशी बसविणे आणि रंग हे ओघाने आलेच. शक्य असल्यास एक फेरी पावसाळ्यात किंवा चांगला पाऊस पडून गेल्यावर मारावी.

वीज

वीस-तीस वर्षांपूर्वी घरात वीज लागे ती दिवे, पंखे, दूरचित्रवाणी आणि फार तर एखाद्या गीझरपुरती. आजच्या भाडेकरूस वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह आणि पुष्कळदा एअर कंडिशनरही हवा असतो. एअर कंडिशनरसाठी सर्वसाधारणपणे ४ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची स्वतंत्र तार वापरली जाते. जुन्या घरात ती बहुधा नसते. वायरमनला सोबत नेऊन तीन गोष्टी पाहून घ्याव्यात : तारेची स्थिती व जाडी, अर्थिंग प्रत्यक्ष आहे की केवळ तिसरे छिद्रच आहे, आणि वीजगळती झाल्यास प्रवाह तोडणारे उपकरण बसविले आहे काय. वीज देयकावरील मंजूर भारही वाचावा. येथे काटकसर करू नये. आपल्या घरात दुसऱ्याचे कुटुंब राहणार आहे, याचे भान ठेवावे.

लोखंड आणि काँक्रीट

छताचे पोपडे पडलेले दिसले की अनेक जण त्यावर पुट्टी मारून मोकळे होतात. वास्तविक तो केवळ गिलाव्याचा प्रश्न नसतो. ओल आत शिरल्यावर सळई गंजते; गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्याने आतून दाब येऊन काँक्रीट तडकते. सळईच्या रेषेत गेलेली लांब भेग हे त्याचे लक्षण होय. छत, तुळई आणि खांब काठीने किंवा हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोकून पाहावेत. पोकळ आवाज आल्यास आतला थर सुटलेला आहे, असे समजावे. समुद्रकाठच्या गावांत, मुंबई-गोव्यापासून चेन्नईपर्यंत, खाऱ्या हवेमुळे ही झीज अधिक वेगाने होते.

काँक्रीटसंबंधीचे भारतीय मानक, आय. एस. ४५६, हे २००० साली सुधारले गेले आणि सळईयुक्त काँक्रीटसाठी किमान प्रत एम १५ वरून एम २० करण्यात आली. त्यापूर्वीची प्रत्येक इमारत कमकुवत असते, असा याचा अर्थ मुळीच नाही; परंतु अशा इमारतीत घर घेताना ही तपासणी टाळू नये, एवढे निश्चित.

संस्थेचे दप्तर

सदनिकेची दुरुस्ती चार भिंतींत संपत नाही. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट ५ वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरील इमारतीचे ३ वर्षांतून एकदा करून घ्यावयाचे असते. गच्ची, बाहेरील सामाईक नळवाहिन्या, इमारतीचा सांगाडा व पावसाची गळती यांची दुरुस्ती संस्थेने करावयाची, तर घरातील दुरुस्ती सभासदाने. मात्र संस्थेजवळ निधी नसेल, तर तिचाही भार अखेर सभासदांवरच येतो. बांधकाम खर्चाच्या दरवर्षी किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड आणि ०.७५ टक्के दुरुस्ती व देखभाल निधी सभासदांकडून जमा करावयाचा, असे आदर्श उपविधी सांगतात. ही वर्गणी वर्षानुवर्षे नाममात्र घेतली गेली असेल, तर मोठी दुरुस्ती निघताच एकरकमी मागणी येणार, हे ओळखावे.

म्हणून विक्रेत्यामार्फत तीन कागद मागून घ्यावेत : शेवटच्या तीन वर्षांचे हिशेब, सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते आणि शेवटचा स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल. इतर राज्यांत संस्थेऐवजी सदनिकाधारकांची असोसिएशन असते आणि नियम निराळे असतात; पण हिशेब आणि इतिवृत्त तेथेही असतेच. आमच्या त्या ग्राहक भगिनींना इतिवृत्ताची एक प्रत मिळाली असती, तर दीड लाखांची बाब विक्रेत्याशी आधीच बोलता आली असती.

मोजमाप आणि दर

पाहणीत आढळलेली कामे खोलीनिहाय लिहून काढावीत आणि प्रत्येकापुढे मोजमाप टाकावे. रंगाचेच उदाहरण घेऊ. १० बाय १२ फुटांच्या खोलीची फरशी १२० चौरस फूट भरते. भिंतींची उंची साडेनऊ फूट धरल्यास चार भिंतींचे क्षेत्र ४१८ चौरस फूट होते. त्यातून एक दरवाजा व एक खिडकी मिळून सुमारे ४० चौरस फूट वजा केले आणि छताचे १२० मिळविले की रंगाचे क्षेत्र ५०० चौरस फुटांच्या आसपास येते, म्हणजे फरशीच्या चौपट. फरशीच्या क्षेत्रावरून रंगाचा अंदाज बांधणारा येथेच फसतो.

मोजमापाची हीच यादी किमान तीन कंत्राटदारांना द्यावी. तिघांना निरनिराळे तोंडी वर्णन सांगितले, तर येणाऱ्या दरांची तुलना होऊ शकत नाही. दर साहित्यासह आहे की केवळ मजुरीचा, राडारोडा कोण उचलणार आणि वस्तू व सेवा कर धरला आहे काय, हे लेखी घ्यावे. येणाऱ्या बेरजेत १५ ते २० टक्के रक्कम अनपेक्षित कामांसाठी मिळवावी, कारण फरशी उचलल्याशिवाय काही गोष्टी कळतच नाहीत. शेवटी काम चालेल तितक्या महिन्यांचे बुडणारे भाडे त्यात जोडावे.

याच टप्प्यावर काय करावयाचे नाही, हेही ठरवावे. हे घर आपल्या राहण्याचे नाही. गळके न्हाणीघर, धोकादायक तार, न लागणारा दरवाजा यांवरील खर्च अटळ आहे. शोभेचे छत किंवा उंची फरशी यांमुळे भाडे त्या प्रमाणात वाढतेच असे नाही. पहिल्या भाड्यापासूनच दरवर्षी किमान एका महिन्याचे भाडे दुरुस्तीसाठी वेगळ्या खात्यात ठेवण्याची सवय लावावी. भाडेकरू बदलला की रंग आणि किरकोळ कामे निघतातच.

पैशाची तरतूद

बँकेने नेमलेला मूल्यनिर्धारक घराचे बाजारमूल्य सांगतो. तारण पुरेसे आहे की नाही, हे ठरविण्यासाठी तो अहवाल असतो. त्यास दुरुस्तीचा दाखला समजू नये. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात मूल्याच्या कमाल ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के कर्ज देता येते. १० लाखांहून अधिक किमतीच्या घरांच्या बाबतीत मुद्रांक व नोंदणी शुल्क त्या मूल्यात धरले जात नाही. ४८ लाखांच्या घरास जास्तीत जास्त ३८ लाख ४० हजार कर्ज मिळाले, तरी ९ लाख ६० हजार आणि शुल्काची रक्कम स्वतःची घालावी लागते. नेमके हात रिकामे झाल्यावर दुरुस्ती समोर उभी राहते. घराच्या दुरुस्तीसाठीही बँकांच्या स्वतंत्र कर्ज योजना असतात. परंतु ती गरज खरेदीच्या वेळीच सांगितली, तर दोन्ही हप्ते मिळून परतफेडीची क्षमता एकत्रित तपासता येते. महागड्या वैयक्तिक कर्जाची किंवा ठेव मोडण्याची वेळ मग सहसा येत नाही.

करासंबंधीही एक गैरसमज आढळतो. भाड्याच्या उत्पन्नातून प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर वजा केल्यावर उरणाऱ्या रकमेवर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते; प्रत्यक्ष दुरुस्तीचा खर्च वेगळा वजा होत नाही. वर्षाचे भाडे १ लाख ६८ हजार आणि मालमत्ता कर ८ हजार असल्यास वजावट ४८ हजारच मिळणार, मग त्या वर्षी दुरुस्तीवर चार लाख गेलेले असोत वा शून्य. कर्जाच्या व्याजाची वजावट स्वतंत्र असून तिचे नियम निवडलेल्या करप्रणालीनुसार बदलतात. त्याबाबत करसल्लागाराचे मत घ्यावे. भांडवली स्वरूपाच्या सुधारणांच्या पावत्या मात्र जपून ठेवाव्यात. घर विकताना त्यांचा उपयोग होऊ शकतो.

यादीचा उपयोग

अशी यादी हाती असली म्हणजे तीन वाटा खुल्या राहतात. विक्रेत्याकडून किंमत कमी करून घेता येते. संस्थेची थकबाकी आणि मंजूर झालेल्या वर्गण्या विक्रेत्याने भराव्यात, असे करारनाम्यात लिहून घेता येते. अथवा व्यवहार सोडून देता येतो. आमच्या दुसऱ्या एका ग्राहकाने यादीची बेरीज पाहून घर घेण्याचा बेत रद्द केला. त्याने विसार दिलेला नव्हता, म्हणून त्याला ते सहज शक्य झाले.

त्या परिचारिका भगिनींच्या घरात आता भाडेकरू राहतात आणि भाडे वेळेवर येते. मुलीचा प्रवेशही झाला, परंतु त्यासाठी त्यांना शैक्षणिक कर्ज काढावे लागले. मध्यंतरी पासबुक भरून घेण्यासाठी त्या आल्या असताना म्हणाल्या, "मला कुणी फसवलं नाही, साहेब. मी घर बघायला गेले ती रात्रपाळी करून, अर्धा तास. तेवढ्यात रंगच दिसतो."

तेव्हापासून पुनर्विक्रीतील घराची चौकशी करणाऱ्या प्रत्येक ग्राहकास मी कर्जाच्या अर्जाआधी एक कोरा कागद देतो आणि पाणी, वीज, लोखंड, खिडक्या-दरवाजे, रंग, संस्था आणि रिकामे महिने असे सात शब्द त्यावर लिहावयास सांगतो. प्रत्येक शब्दापुढे एक आकडा आला की मगच विसाराचा धनादेश लिहावा. वाचकहो, आपणही घर पाहावयास निघताना हा कागद खिशात ठेवावा, आणि बेरीज झाल्यावर तो घेऊन आपल्या शाखेत अवश्य यावे.